तार किती सोसते?

तांब्याच्या तारेनें किती प्रवाह न्यावा, हा धडा मीं वर्गांत वर्षानुवर्षें शिकविला; त्याचें मोल मात्र तलासरीला मेहुण्याच्या वाडींत कळलें. त्यानें विहिरीवर दीड अश्वशक्तीचा पंप बसविला आणि दिव्यांसाठीं आणलेली १ चौरस मिलिमीटरची दुहेरी तार १०० मीटर ओढली. उरलेलें वेटोळें गोणपाटाखालीं सारलें. शेजारींच गवताची गंजी! दुपारीं वास आला म्हणून गोणपाट उचललें, तों तारेचें वेष्टन मेणासारखें मऊ झालेलें.

मेहुणा म्हणाला, "भावोजी, डहाणू रोडला बोटभर तार अख्खी गाडी चालविते, माझ्या तारेला एक पंप पेलूं नये?"

प्रश्न रास्त होता. तेथें दाब २५,००० व्होल्टांचा, आपल्या घरीं २३० चा. सारख्याच कामाला तेथें शंभरावा हिस्सा प्रवाहहि लागत नाहीं. शिवाय ती तार जाड, आणि मोकळ्या वाऱ्यांत.

आतां हिशेब पाहा. १ चौरस मिलिमीटरच्या तारेला दर मीटरास सुमारें ०.०१७५ ओहम रोध असतो. वेटोळें सोडून दिलें तरी जाऊन-येऊन २०० मीटर, म्हणजे ३.५ ओहम. पंप सुमारें १० अँपिअर घेतो. तेव्हां ३५ व्होल्ट वाटेंतच खर्ची पडले. उष्णता वाढते प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत. येथें एकेका तारेंत दर मीटरास पावणेदोन वॅट. उघड्यावर ही ऊब वारा नेतो, वेटोळ्यांत ती सांचत जाते. फ्यूज शाबूत होता. १० अँपिअर त्याला जड नव्हते, आणि वेटोळ्याची बातमी त्याला कोण देणार?

तांबें वितळावयास १०८५ अंश लागतात. १ मिलिमीटर व्यासाची उघडी तार, विल्यम प्रीस यांच्या जुन्या सूत्राप्रमाणें, सुमारें ८० अँपिअरला वितळते. पण नेहमीचें पीव्हीसीचें वेष्टन सतत ७० अंशांपर्यंतच्याच उष्णतेसाठीं केलेलें असतें. मर्यादा धरावयाची ती त्याची.

मीं ४ चौरस मिलिमीटरची तार आणावयास सांगितली. "म्हणजे चौपट प्रवाह?" नाहीं. छेद चौपट झाला कीं व्यास दुप्पटच होतो. रोध चतुर्थांशावर येतो, पण ऊब बाहेर टाकणारा पृष्ठभाग दुपटीनेंच वाढतो. म्हणून प्रवाहाचा वर्ग आठपट, आणि प्रवाह सुमारें २.८ पट. व्होल्टांची तूट मात्र खरोखरच चतुर्थांश, ९ च्या आंत.

नवी तार सरळ अंथरून अर्धा तास पंप चालविला, मुख्य बटण बंद केलें आणि मग तारेवरून हात फिरविला. कोमटहि नव्हती. मऊ झालेला तुकडा मीं तोडून टाकविला. गंजी हलविण्याविषयीं मेहुण्याशीं बोलणें अजून चालूं आहे.