खेळणाऱ्यांनी लिहायलाच हवं

स्वतंत्र टेबलटॉप रोलप्लेइंग गेम कडक परीक्षणांनी मरत नाहीत. खेळून उठलेली मंडळी चपला घालून मुकाट्याने घरी जातात, म्हणून मरतात. आजचं भांडण या मुकेपणाशी आहे.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली आला. आज तो हॅस्ब्रो या बड्या कंपनीच्या हाती आहे आणि त्याच्या नव्या पुस्तकाची दखल न मागता घेतली जाते. एकट्यादुकट्याने रचलेल्या खेळामागे मात्र जाहिरातीचा पैसा नसतो. जॉन हार्पर यांचा 'लेझर्स अँड फीलिंग्ज' एका पानात मावतो. पात्राला २ ते ५ मधला एकच आकडा मिळतो. मोठा आकडा घेतला तर यंत्रं आणि तर्क जमतात, लहान घेतला तर माणसं सांभाळता येतात. एवढ्या भांडवलावर अंतराळयानातली संध्याकाळ रंगते का? ते खेळलेलाच सांगू शकतो.

तरीही पुस्तक चाळून, चित्रं पाहून शिफारस ठोकून देणारे आहेतच. ही वाचकाची फसवणूक आहे.

स्टीफन ड्यूई यांचा 'टेन कँडल्स' घ्या. अंधाऱ्या खोलीत दहा मेणबत्त्यांच्या उजेडात तो खेळतात. पात्राचे गुणदोष चिठ्ठ्यांवर लिहायचे. फाशांवर एक्के पडले की एक चिठ्ठी जाळून ते पुन्हा टाकता येतात. एकही सहा आला नाही, तर एक मेणबत्ती विझते आणि प्रसंग संपतो. शेवटी एकही पात्र जिवंत राहत नाही, हे सगळ्यांना पहिल्यापासून ठाऊक असतं. मेणबत्ती चुकून विझली तरी पुन्हा पेटवायची नाही, असा नियम आहे. आता हा डाव मे महिन्यात पुण्यातल्या फ्लॅटमध्ये मांडा. पंखा लावला तर खेळ तिथेच आटोपला. बंद ठेवला तर सगळे घामाने निथळणार. चिठ्ठ्या जाळायला मध्ये स्टीलची परात ठेवायला हवी, हेही कुणीतरी सांगायला हवं. अमेरिकेतल्या परीक्षणकर्त्याला ही अडचण सुचणारही नाही.

'आपण कुठले तज्ज्ञ?' असं विचारणं म्हणजे विनय नव्हे, अंगचोरपणा आहे. नियम समजावण्यात किती वेळ गेला, कुठे डाव अडला, कोण कंटाळून मोबाइल पाहू लागलं, हे नोंदवायला पदवी लागत नाही.

दुसरी सबब म्हणजे छोट्या निर्मात्याचं मन मोडेल. एव्हरी अल्डर यांच्या 'द क्वाएट इयर'मध्ये पत्त्यांचा कॅट वर्षाचे ५२ आठवडे मोजतो. खेळता खेळता वस्तीचा नकाशा काढला जातो. दुसऱ्याचा निर्णय पटला नाही तर वाद घालायचा नाही; नाराजीची सोंगटी उचलून समोर ठेवायची. एका गटाला हे जाचतं, दुसऱ्याला त्यातच खेळाचा जीव सापडतो. दोघांनीही लिहिलं तर तिसऱ्याला निवड करता येते. नुसतं 'छान आहे' म्हणून निर्मात्याला काही कळत नाही आणि घेणाऱ्यालाही नाही.

म्हणून पुढच्या डावानंतर फासे डबीत जाण्याआधी कागद काढा. किती जण होते, किती तास लागले, कोणता नियम मोडून पुढे जावं लागलं, हा खेळ पुन्हा मांडणार का, हे लिहा. खेळ फुकट मिळाला असेल किंवा निर्माता ओळखीचा असेल, तर ते पहिल्याच ओळीत सांगा. आणि उठण्याआधी शेजारी बसलेल्यालाही लिहायला लावा.