रिक्षाची वीज आणि तिचा दर



विजेची गाडी स्वस्त पडते खरी; पण ज्याच्या दाराशी प्लग आहे त्यालाच. लिंबायत-उधन्यात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या आपल्या रिक्षावाल्याने वायर कोठून सोडावी? त्याला सार्वजनिक केंद्रच गाठावे लागते. 2018 साली केंद्र सरकारने ठरविले की चार्जिंग ही वीजविक्री नव्हे, सेवा आहे, परवाना नको. हेतू चांगला, पण सेवा म्हटली की 18 टक्के जीएसटी आला. घरच्या विजेवर तो नाही. 2024 च्या सूचनांत केंद्रांना मिळणाऱ्या विजेचा दर सकाळी 9 ते दुपारी 4 सरासरी खर्चाच्या 0.7 पट, इतर वेळी 1.3 पट धरला. कारण सूर्याची वीज दिवसा मुबलक. हिशेब चोख आहे, वर्गात आम्हीही असाच शिकवू. परंतु 9 ते 4 हीच तर रिक्षावाल्याची कमाईची वेळ!

आपल्या सभागृहाचे आवार बहुतेक रात्री रिकामे असते. तेथे चार्जर बसवून नफा न घेता वीज द्यावी, अशी आमची विनंती आहे. रात्रीच्या चढ्या दराची तूट लग्नसराईच्या भाड्यातून निघेल काय, एवढे खजिनदारसाहेबांनी आजच सांगावे.