धोटा



मी काही भाषणबाज नाही. गोदीत लोखंड उतरवतो, मॅट्रिक झालोय, चार कविता लिहितो. पण मघापासून ऐकतोय: गिरणगाव म्हणजे छोटा हिंदुस्थान, तिथं जात नव्हती, नुसता कामगार होता. म्हणून उभा राहिलो.

छोटा हिंदुस्थान होता, खरंय. १८५४ साली कावसजी दावरांनी ताडदेवला गिरणी काढली नि मग भोंग्यामागं माणसं आली. रत्नागिरीचे कोकणी, साताऱ्याचे घाटी, तेलंगणातले पद्मशाली, मदनपुऱ्यात उत्तरेकडचे मोमीन विणकर. एकेका खोलीत गावचे पंधरा-वीस गडी. पाळीवरून एक येणार, त्याच पथारीवर आडवा होणार. दुसरा उठून गिरणीत. जेवण खानावळवालीकडं, पैसे पगाराला. हे सगळं पुस्तकांत आलंय, लय गोडीनं आलंय. पण ती खोली गावाची होती ना? मग गावकुसाबाहेरचा तिथं कसा झोपेल? गाव रेल्वेत बसून आलं, येताना कूसही घेऊन आलं.

आता विणाई खातं. तिथं पगार जास्त. धोट्यातली कांडी संपली की नवी घालायची, नि तिचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून काढायचा. हा धोटा या हातातून त्या हातात जाणार. महाराचं तोंड लागलं तर? म्हणून आपला माणूस साच्यावर नको. त्याला कताईत घाला, रिंगखात्यात घाला, झाडू द्या. पोटासाठी एकाच भोंग्याला धावणारी माणसं, पण ओठ आडवे आले! मालकानं हे फुकटात वापरून घेतलं, पण दार धरून उभा होता तो शेजारचा कामगारच. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हाच सवाल युनियनपुढं ठेवला: सगळ्या खात्यांत आमच्या माणसाला काम मिळालं पाहिजे. पुढाऱ्यांनी मागणी घेतली, पण नाइलाजानं.

बाबासाहेब हे लांबून बघून बोलत नव्हते. परळच्या बीआयटी चाळीत त्यांनी बरीच वर्षं काढली होती.

पुढचं तुम्हाला पाठ आहे. जानेवारी १९७४. वरळीच्या बीडीडी चाळी, १६० फुटांच्या खोल्या, भिंतीला भिंत. सगळे कामगारच की! तरी दंगल पेटली. १० जानेवारीला परळच्या मोर्चावर वरून दगड पडला नि भागवत जाधव गेला. तो दगड काही मालकाच्या बंगल्यातून आला नव्हता.

मग १८ जानेवारी १९८२ चा संप. अडीच लाख माणूस बाहेर पडलं, त्यात आपलेही होते. जातीनं नाही, उपासानं सारखे झाले. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. आज फिनिक्सची चिमणी मॉलच्या शोभेला उभी आहे.

काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या जागेवर कापड गिरण्यांचं म्युझियम करायचं महापालिकेनं ठरवलं. करा. साचे ठेवा, भोंगा ठेवा. पण काचेत धोटा ठेवाल, तेव्हा खाली पाटी लावा, की याला कुणाच्या तोंडाची बंदी होती. ती पाटी कुणी आपणहून लिहिणार नाही. तेव्हा रविवारपर्यंत एक काम करा. तुमच्या चाळीत जी म्हातारी माणसं उरलीत त्यांना विचारा: कुठली गिरणी, कुठलं खातं, पाणी कुठं प्यायचात? वहीत उतरवून आणा. वही नसेल तर माझ्याकडं आहेत, गोदीतून येताना घेऊन आलोय.