मालवाहू गाडी घ्यायची? आधी खेपा मोजा



जुन्नर भागात शिवारफेरीला गेलं, की पिकाचे प्रश्न संपल्यावर एखादा तरुण हमखास बाजूला घेतो आणि विचारतो, "साहेब, शेतीला जोडधंदा म्हणून पिकअप घ्यावी म्हणतोय. परवडंल का?" प्रश्न रास्त आहे. माल गावातला, रस्ता पायाखालचा, बाजार ओळखीचा. मग भाडं दुसऱ्याच्या खिशात का घालायचं? पण गाडी परवडते की नाही, हे गाडीच्या किमतीवर ठरत नाही. ते वर्षाच्या खेपांवर ठरतं. आज त्याच हिशोबाविषयी आपण बोलणार आहोत.

गाय भाकड असली तरी दावणीला चारा खातेच. तशी गाडी दारात उभी असली तरी हप्ता खातेच. २०२३ साल आठवा. त्या वर्षी जुलैत टोमॅटोचे भाव गगनाला भिडले होते. सप्टेंबरमध्ये ते असे कोसळले, की तोडणीची मजुरीही निघेना. माझ्या माहितीतल्या एका शेतकऱ्याने तेजीच्या भरात नवी पिकअप घेतली होती. भाव पडल्यावर लोकांनी तोडणीच थांबवली. माल नाही, म्हणून भाडं नाही. चार हप्ते थकले आणि शेवटी दोन दुभत्या गायी विकून ते भरावे लागले. गाडी चांगली होती, चालवणारा कष्टाळू होता. चुकला होता तो हिशोब.

आता आपण एक नमुना हिशोब करू. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. तुम्ही तुमच्या गावचे, तुमच्या गाडीचे घाला.

समजा, गाडी रस्त्यावर येईपर्यंत १० लाख रुपये लागले. २ लाख तुमचे, ८ लाख कर्ज. ५ वर्षांची मुदत, ११ टक्के व्याज. महिन्याचा हप्ता साधारण १७,४०० रुपये, म्हणजे वर्षाला २,०८,८०० रुपये. विमा ३६,००० रुपये धरा. कर, पासिंग, प्रदूषण दाखला मिळून ६,००० रुपये. आणि ड्रायव्हरचा पगार महिना १५,००० प्रमाणे वर्षाला १,८०,००० रुपये. तुम्ही म्हणाल, "गाडी मीच चालवणार, पगार कसला?" इथेच बरेचजण फसतात. तुम्ही स्टिअरिंगवर बसलात, तर शेतात तुमच्या जागी मजूर लावावा लागतो. म्हणून स्वतःचा पगार धराच. ही सगळी बेरीज होते ४,३०,८०० रुपये. गाडी हलो वा न हलो, हा खर्च ठरलेला.

आता खेपेचा खर्च बघू. नारायणगावहून आळेफाटा, ओतूर, माळशेज घाट, कल्याण करत वाशीच्या बाजारात जाऊन यायचं, तर जाऊन-येऊन ३२० किलोमीटर धरू. डिझेल, टायर, ऑइल, दुरुस्ती मिळून किलोमीटरला साडेनऊ रुपये धरले, तर ३,०४० रुपये होतात. टोल, जेवण, किरकोळ मिळून ५६० रुपये. एकूण खर्च ३,६०० रुपये. दीड टन माल म्हणजे २० किलोचे ७५ क्रेट. क्रेटला ८० रुपये भाडं मिळालं, तर ६,००० रुपये. खर्च वजा जाता खेपेला २,४०० रुपये उरतात.

४,३०,८०० ला २,४०० ने भागा. उत्तर येतं जवळपास १८०. म्हणजे वर्षाला १८० खेपा झाल्या तर गाडी बरोबरीत येते. नफा १८१ व्या खेपेपासून. टोमॅटोच्या चार महिन्यांत दर महिन्याला २२ खेपा मारल्या, तरी ८८ होतात. उरलेल्या ९२ खेपा कुठून आणणार, याचं उत्तर गाडी बुक करण्यापूर्वी कागदावर लिहा. कांदा कोणाचा, द्राक्ष कोणाचं, भुसार कोणाचं, मोकळ्या दिवसांत दुकानदाराचं सिमेंट किंवा पशुखाद्य कोण देणार, हे नावानिशी लिहा. "मिळंल कुठंतरी" हे उत्तर हप्ता घेणारा ऐकून घेत नाही.

यात एक गुरुकिल्ली आहे, ती म्हणजे परतीचं भाडं. वरच्या हिशोबात गाडी वाशीहून रिकामी आली. भरल्या गाडीचं जादा डिझेल आणि हमाली वजा जाऊन येताना नुसते १,२०० रुपये हाती राहिले, तर खेपेला २,४०० च्या जागी ३,६०० उरतात आणि १८० खेपांचं काम १२० खेपांत होतं. म्हणून बाजारात माल उतरला की लगेच घरची वाट धरू नका. तालुक्याच्या गावातले किराणा, हार्डवेअर आणि पशुखाद्याचे दुकानदार आधीच गाठून ठेवा. त्यांचा माल मुंबईकडून येतच असतो. आठवड्याचा वार ठरवून दिला आणि तो पाळला, की असं गिऱ्हाईक टिकतं. मात्र परतीच्या मालासाठी दोन-दोन दिवस मुक्काम करू नका. त्यात इकडची खेप बुडते.

भाडं वाढत नसेल तर माल जास्त भरावा, असं काहींना वाटतं. ७५ च्या जागी १०० क्रेट टाकले, तर २,००० रुपये जादा दिसतात. पण १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीप्रमाणे जादा भारासाठी कायद्यात २० हजार रुपये दंड आहे, शिवाय जादा प्रत्येक टनाला २ हजार आणि माल उतरवण्याचा खर्च वेगळा. म्हणजे एका दंडात दहा खेपांची ती जादा कमाई जाते. पाटे, टायर, ब्रेक झिजतात ते निराळंच. पावसाळ्यात धुक्यातून माळशेज उतरताना जादा भाराची गाडी ब्रेकला दाद देत नाही. आणि मालाच्या गाडीत मागे मजूर किंवा वऱ्हाडी कधीही बसवू नका. अपघात झाला तर माणसं जातात आणि भरपाईचा बोजा मालकाच्या गळ्यात पडू शकतो.

आता कागदपत्रं. भाड्याने माल वाहणाऱ्या गाडीची नोंदणी मालवाहू वाहन म्हणूनच हवी, म्हणजे पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं. मालासकट गाडीचं एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असेल, तर परमिट लागत नाही. त्यावर असेल, तर आरटीओ कार्यालयातून मालवाहतुकीचं परमिट काढावं लागतं. हे वजन आरसी बुकात लिहिलेलं असतं, घेण्याआधी वाचा. लायसनबाबत पुष्कळांचा घोटाळा होतो. एकूण वजन ७,५०० किलोपेक्षा कमी असलेली मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या लायसनवर चालवता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला आहे. नव्या गाडीचं पासिंग दोन वर्षांचं असतं. पुढे आठ वर्षांपर्यंत ते दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावं लागतं. विमा एक दिवसही चुकू देऊ नका.

कर्जाचं म्हणाल, तर मुद्रा योजनेत मालवाहू गाडीसाठी १० लाखांपर्यंत तारणाशिवाय कर्ज मिळू शकतं. आधी बँकेत चौकशी करा, मग शोरूममध्ये जा. गाडीच्या कर्जासाठी सातबाऱ्यावर बोजा चढवू नका. गाडी दर वर्षी जुनी होते, तिची किंमत उतरते. जमीन मात्र एकदा गेली की परत येत नाही. पीककर्जाचे पैसे गाडीच्या सुरुवातीच्या भरण्यात घालू नका. पीककर्ज थकलं, तर व्याजाची सवलतही जाते. आणि हाताशी तीन हप्त्यांची रक्कम शिल्लक असल्याशिवाय गाडी दारात आणू नका.

जुनी गाडी घेत असाल, तर आरसी बुकावर आधीच्या कर्जाचा बोजा उतरला आहे का, विमा व पासिंग चालू आहे का, ई-चलानाचा दंड बाकी आहे का, हे पाहा. भरल्या गाडीने चढ चढवून बघा. आणि गाडी नावावर झाल्याशिवाय पूर्ण पैसे मोजू नका.

शेवटी एक सोपा उपाय सांगतो. एका हंगामात तीन महिने दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून जा, नाहीतर गाडी भाड्याने घेऊन धंदा करा. रोज वही लिहा: तारीख, किलोमीटर, डिझेल, भाडं, परतीचं भाडं. घरचा माल नेला तरी त्याचं भाडं वहीत मांडा. भगिनींनो, ही वही तुमच्या हाती असू द्या. हिशोब घरात मांडला गेला, की उधारी लपत नाही. गावातल्या आठ-दहा शेतकऱ्यांनी किंवा गटाने वर्षभर माल देण्याचं कबूल केलं, तर त्यांची नावं त्याच वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

तीन महिन्यांच्या वहीने खेपा पुरतात असं सांगितलं, तर खुशाल गाडी घ्या आणि चांगला धंदा करा. पुरत नाहीत असं सांगितलं, तर तुमचे दोन लाख वाचले असं समजा. ते ठिबकला घाला, गोठ्याला घाला.