गेलेल्यांसाठी गाणे
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण मी भजनाला बसते, म्हणून गाण्याविषयीच दोन शब्द बोलते.

रशियाने २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनवर चढाई केली आणि तिथली कितीतरी घरे ओस पडली. तिथल्या चर्चमध्ये मृतांसाठी वाद्यांवाचून, अनेक गळ्यांनी मिळून गातात. गेलेल्याची आठवण अखंड राहो, असे देवाजवळ मागतात.

आपल्याकडेही १९६२ च्या चीन युद्धात पडलेल्या जवानांसाठी २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत लताबाईंनी 'ऐ मेरे वतन के लोगो' गायिले. शब्द कवी प्रदीप यांचे, चाल सी. रामचंद्र यांची. हे रामचंद्र चितळकर आपल्याच जिल्ह्यातले, जन्म पुणतांब्याचा!

भगिनींनो, जवान गेला की तेराव्यापर्यंत घरी माणसे येतात. पुढे त्याची आई एकटीच असते. म्हणून माझी विनंती, वर्षातून एका एकादशीचे आपले भजन अशा एखाद्या माउलीच्या घरी व्हावे. आधी तिला विचारावे. आरंभी तिच्या मुलाचे नाव घ्यावे. टाळ मंडळाचे आहेतच. फराळाचेही आपणच न्यावे, तिला चुलीपाशी उठवू नये.