शाळेचे संकेतस्थळ : साधनाची निवड
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेतील भाषण)



शाळेचे स्वतःचे संकेतस्थळ असावे, ही इच्छा आता लहान गावांतील शाळांतूनही व्यक्त होऊ लागली आहे. इच्छा स्तुत्य आहे. परंतु तिच्यामागोमाग जो प्रश्न येतो, तो बहुधा असा असतो की, 'कोणते सॉफ्टवेअर सर्वांत चांगले?' सुतारास कोणी 'कोणते हत्यार चांगले?' असे विचारले, तर तो उलट विचारील, 'करावयाचे काय आहे?' रंधा कितीही उत्तम असला तरी भोक पाडण्यास गिरमिटच लागते.

म्हणून आरंभ संगणकापासून न करता कागदापासून करावा. संकेतस्थळ कोण वाचणार, त्यात काय असणार, ते किती वेळा बदलणार, ते कोण सांभाळणार आणि वर्षाला किती खर्च झेपणार, या पाच प्रश्नांची उत्तरे मुख्याध्यापकांनी सहकाऱ्यांसह व शाळा व्यवस्थापन समितीसह बसून लिहून काढावीत. उत्तरे लिहिली म्हणजे निवड निम्म्याहून अधिक झाली.

साधने मुख्यतः तीन प्रकारची आहेत. पहिला प्रकार तयार चौकटींचा. गूगल साइट्स हे त्याचे परिचित उदाहरण. त्यात मजकूर व चित्रे जागच्या जागी ठेवीत गेले की पान तयार होते. संगणकाची भाषा शिकावी लागत नाही आणि जागेचे भाडेही पडत नाही. दोन शिक्षकांच्या शाळेस प्रवेशाच्या तारखा, सूचना आणि मुलांची चित्रे एवढेच द्यावयाचे असेल, तर हे साधन पुरेसे आहे.

दुसरा प्रकार वर्डप्रेससारख्या प्रणालींचा. ही प्रणाली २००३ साली निघाली व ती मुक्त आहे. विद्यार्थ्यांचे लेख दरमहा यावेत, ते विषयवार व वर्षवार लागावेत, अशी योजना असलेल्या मोठ्या शाळेस ती सोयीची. मात्र प्रणाली फुकट मिळाली तरी ती आपल्या जबाबदारीवर चालवावयाची तर जागेचे भाडे व नावाचे शुल्क प्रतिवर्षी भरावे लागते, आणि सुधारित आवृत्ती वेळोवेळी घ्यावी लागते. ही निगा राहिली नाही, तर उपद्रवी लोकांस दार उघडे राहते.

तिसरा प्रकार म्हणजे साध्या मजकूर-लेखकात एचटीएमएल लिहून पाने स्वतः घडविणे. सर्न या संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ साली जगापुढे ठेवलेले पहिले संकेतस्थळ अशाच साध्या पानांचे होते. अशी पाने वजनाने हलकी असल्याने दुर्बळ जोडणीवरही लवकर उघडतात. परंतु ती घडविणारा जाणता हवा.

कोणताही प्रकार निवडला तरी चार कसोट्या लावाव्यात. पहिली कसोटी बदलीची. उत्साही शिक्षकाने स्वतःच्या नावे खाते उघडले आणि त्याची बदली झाली, म्हणजे शाळेच्या घराची किल्ली दुसऱ्या तालुक्यात जाते. जुन्या तारखा मात्र तशाच दिसत राहतात आणि पालकांची दिशाभूल होते. यास्तव खाते शाळेच्या नावे असावे व किमान दोघांस ते चालविता यावे. कार्यभार देताना दाखल-खारीज रजिस्टराबरोबर याचीही नोंद व्हावी.

दुसरी कसोटी बाहेर पडण्याची. साधने चिरंजीव नसतात. जिओसिटीजवरील असंख्य घरगुती पाने २००९ साली सेवा बंद होताच गेली. अडोबी म्यूझचा विकास २०१८ साली थांबला. विक्ससारख्या सेवेवर बांधलेले संकेतस्थळ जसेच्या तसे उचलून अन्यत्र नेता येत नाही. तेव्हा मूळ मजकूर व छायाचित्रे यांची एक प्रत शाळेत निराळी ठेवावी.

तिसरी कसोटी मराठीची. मजकूर युनिकोडमध्येच टंकलिखित करावा. जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये लिहिलेले वाक्य पालकाच्या भ्रमणध्वनीवर अक्षरांचा निरर्थक गोंधळ होऊन उमटते. संकेतस्थळ प्रसिद्ध करण्यापूर्वी ते एखाद्या साध्या भ्रमणध्वनीवर उघडून पाहावे. कारण बहुतेक पालक ते तेथेच वाचणार.

चौथी कसोटी सर्वांत महत्त्वाची, बालकांच्या सुरक्षिततेची. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियमाने अठरा वर्षांखालील व्यक्तीस बालक मानून तिच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीचे तत्त्व घालून दिले आहे. मुलाचे छायाचित्र, पूर्ण नाव, पत्ता व जन्मतारीख एकत्र देण्याचा मोह टाळावा. चित्र छापावे आणि खाली केवळ इयत्ता लिहावी. मुलाच्या कौतुकात त्याने काही उणे होत नाही.

सजावटीने संकेतस्थळाची योग्यता ठरत नाही. दूर ऊसतोडीस गेलेल्या पालकास शाळा कोणत्या दिवशी उघडणार हे तेथे अचूक कळले, तर चार पानांचे साधे संकेतस्थळही सार्थ झाले. पुढील परिषदेस येताना प्रत्येक शाळेने त्या पाच प्रश्नांची लेखी उत्तरे सोबत आणावीत. साधनाची निवड त्यानंतर करावी.