लुंबिनीहून आम्ही काय आणलं?

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

समितीने सांगितलं, तुम्ही दोघे मित्र नेपाळला जाऊन आलात, त्यावर बोला. आम्ही गेलो २०१९ च्या नोव्हेंबरात. काय पाहिलं हे सांगायला वेळ लागत नाही, फोटो सगळ्यांनी पाहिलेच आहेत. पण आज आपल्या वस्तीतून दरवर्षी धम्मसहलीच्या बसगाड्या निघतात. माणसं वर्षभर पै-पै साठवून जातात. म्हणून प्रश्न असा विचारावा की, माणूस जाऊन आला, तर त्याच्या मागं राहिलेल्या माणसांना त्यातून काय मिळालं? आज त्याच अंगानं चार शब्द बोलायचे आहेत.

आम्ही दोघं मिलचे कामगार. विमान आणि हॉटेल हे आपलं काम नव्हे. भिशीचे पैसे होते, रजा साठवली होती. पाठीवर एकेक सॅक, तिच्यात दोन कपडे, एक चादर, चिवडा आणि ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ. पुण्याहून रेल्वेने गोरखपूर, तिथून एस. टी.सारख्या गाडीने सोनौली. परदेश म्हटला की पासपोर्ट, असं आपल्याला वाटतं. नेपाळला जायला आपल्याला पासपोर्ट-व्हिसा लागत नाही, मतदानाचं ओळखपत्र चालतं. बाबासाहेबांनी मिळवून दिलेल्या मताच्या कार्डावर आम्ही परदेशात गेलो! कमानीखालून चालत पलीकडे गेलो आणि घड्याळ पंधरा मिनिटं पुढं केलं. शंभर रुपयांचे एकशेसाठ नेपाळी रुपये मिळाले. शंभराच्या वरच्या आपल्या नोटा तेव्हा तिकडे बंद होत्या, म्हणून शंभराच्याच नोटांची पुडकी कमरेला बांधलेली.

लुंबिनीला एका विहाराच्या निवासात उतरलो. पहाटे मायादेवी मंदिरात गेलो. आत जुन्या विटांचे पाये आहेत आणि जन्मस्थानाची खूण म्हणून जपलेला एक दगड. लोक रांगेनं येत होते, पैसे टाकत होते, हात जोडत होते. आम्हीही वंदना घेतली. बाहेर अशोक राजाचा दगडी स्तंभ उभा आहे. जमिनीत गाडला गेलेला त्यावरचा लेख १८९६ साली उजेडात आला. आमचे मित्र त्या स्तंभापुढे अर्धा तास हलले नाहीत. जवळच्या फलकावर लेखाचा अर्थ दिलेला आहे, तो त्यांनी वहीत उतरवून घेतला.

काय आहे त्या लेखात? राज्याभिषेकाला वीस वर्षं झाल्यावर राजा स्वतः इथे आला, शाक्यमुनी बुद्ध इथे जन्मले म्हणून त्यानं पूजा केली, स्तंभ उभारला. एवढं आपण शाळेच्या पुस्तकात वाचतो. पण लेख तिथं संपत नाही. या गावाचा ‘बलि’ नावाचा कर राजानं माफ केला आणि पिकातला सरकारी वाटा आठव्या हिश्श्यावर आणला, हेही त्यात कोरलेलं आहे. आमचे मित्र म्हणाले, “बघा, राजा यात्रेला आला आणि शेतकऱ्याचा सारा कमी करून गेला. ही खरी यात्रा!”

बंधूंनो, या एका वाक्यानं आमच्या सगळ्या प्रवासाला वळण दिलं. पुढं जे-जे पाहिलं ते याच मापानं मोजलं.

लुंबिनीहून बसनं काठमांडूला निघालो. घाटाचा रस्ता, दिवसभर अंग मोडून निघालं. पण काठमांडू पाहिल्याशिवाय परतायचं नाही असं पुण्यातूनच ठरलं होतं. त्याला कारण दोन माणसं.

पहिले धर्मानंद कोसंबी. गोव्यातल्या साखवाळचे, जन्म १८७६ चा. बुद्धाचा धर्म शिकायचा या ध्यासानं घर सोडून ते पुण्याला आले, पुढे काशीला राहून संस्कृत शिकले. १९०२ साली काशीतल्या एका नेपाळी विद्यार्थ्याच्या सोबतीनं ते नेपाळात गेले. आमच्याकडे निदान रेल्वेचं तिकीट होतं. त्यांच्याकडे ध्यासाशिवाय काही नव्हतं! तिथल्या बौद्धांची स्थिती पाहून त्यांची निराशा झाली. पण ते हात हलवत घरी परतले नाहीत. बुद्धगयेला गेले, मग सिंहलद्वीपाला, तिथे पाली शिकले, भिक्खू झाले. आणि १९१२ पासून आपल्या पुण्यात, फर्ग्युसन कॉलेजात, त्यांनी पाली शिकवली. आज मराठीत बुद्धचरित्र वाचणाऱ्या प्रत्येकावर त्यांचं ऋण आहे.

दुसरे आपले बाप, बाबासाहेब. जागतिक बौद्ध परिषदेसाठी ते १९५४ च्या डिसेंबरात रंगूनला गेले. तिथून आलेली बुद्धमूर्ती २५ डिसेंबर १९५४ रोजी त्यांच्याच हस्ते देहूरोडला बसली. आपल्यातले कितीतरी जण लहानपणी आईच्या कडेवर बसून ती मूर्ती पाहायला गेले असतील. मग १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरची दीक्षा आणि पुढच्याच महिन्यात काठमांडूची परिषद. शरीर साथ देत नव्हतं, तरी गेले. २० नोव्हेंबरला तिथं ‘बुद्ध की कार्ल मार्क्स’ या विषयावर बोलले. त्यानंतर सोळा दिवसांनी, ६ डिसेंबरला, आपल्याला पोरकं करून गेले.

आम्ही युनियनमध्ये वाढलेली माणसं. लाल बावट्याखालीही उभं राहिलेलो. म्हणून ते भाषण आम्हाला जवळचं. शोषण जावं, दुःख जावं, हे मार्क्सलाही हवं आणि बुद्धालाही हवं. पण जोरजबरदस्तीनं केलेला बदल बळ ओसरलं की ढासळतो, माणसाचं मन बदललं तरच तो टिकतो, असा बाबासाहेबांच्या सांगण्याचा आशय. संपाच्या काळात ज्यानं गेटवर दिवस काढलेत, त्याला यातलं खरं किती ते विचारा.

आता तुम्हाला जी गोष्ट सांगायचीच होती ती सांगतो. काठमांडूला लागूनच पाटण शहर आहे. तिथे जुने नेवार बौद्ध विहार आहेत. एका विहाराच्या चौकात एक म्हातारबाबा ओसरीवर बसले होते. आम्ही ‘नमो बुद्धाय’ म्हटलं, त्यांनी प्रेमानं जवळ बसवलं, हिंदीत विचारपूस केली. आम्ही बौद्ध आहोत म्हटल्यावर त्यांनी विचारलं, “शाक्य की वज्राचार्य?” आम्हाला कळेना. मग त्यांनी समजावलं. तिथे या दोन घराण्यांत जन्मलेल्या मुलग्यांनाच लहानपणी चार दिवस भिक्खू करतात आणि विहाराचे सभासद करून घेतात. त्यातही पुरोहितपण फक्त वज्राचार्यांचं. बाकीचे बौद्ध असले तरी त्यांना तो मान नाही. सगळं जन्मावर!

आमचे मित्र शांतपणे म्हणाले, “बाबा, आमच्याकडे जन्मानं कुणी बौद्ध नव्हतं. आमच्या आई-बापांनी विचार करून, उभं राहून, प्रतिज्ञा घेऊन हा धम्म घेतला.” म्हातारबाबा क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, “तुमचं नशीब मोठं.”

परतीच्या बसमध्ये आम्ही त्या गोष्टीवर हसायला लागलो. तेव्हा मित्रांनी थांबवलं. म्हणाले, “त्यांना काय हसायचं? आपल्या वधू-वर मेळाव्याच्या फॉर्मवर काय लिहिलंय ते आठवा.”

काय लिहिलंय? नाव, शिक्षण, नोकरी, उंची. आणि त्याच्याखाली ‘पोटजात’! मंडळी, म्हातारबाबांनी तो प्रश्न तोंडानं विचारला, आपण तो छापून विचारतो. त्यांच्याकडे ती शेकडो वर्षांची रूढी आहे. आपण तर बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं. सर्व माणसं समान आहेत, ही प्रतिज्ञा आपल्या बापजाद्यांनी नागपूरला हात पुढं करून घेतली. आणि तिची नातवंडं सोयरीक जमवताना विचारतात, “तुमच्यातले कोण?”

परत आल्यावर आम्ही दोन कामं धरली. एक, दर रविवारी सकाळी विहारात मुलांचा वर्ग. स्तंभावरची अक्षरं ब्राह्मी लिपीतली, म्हणून सुरुवात तिथूनच केली. आज या वस्तीतली बारा पोरं आपलं नाव ब्राह्मीत लिहितात, आणि ‘बलि’ म्हणजे काय हेही सांगतात. हे काम झालं, कारण त्याला कुणाचा विरोध नव्हता.

दुसरं काम त्या रकान्याचं. समितीत तीनदा विषय काढला. काही वडीलधारी म्हणाले, “रकाना काढला तर लोक फॉर्मच भरणार नाहीत, मेळावा ओस पडेल.” त्यांची काळजी खोटी नाही. मुलीच्या बापाला झोप लागत नाही, हे आम्हीही जाणतो. पण आमचं म्हणणं एवढंच की, रकाना कोरा सोडायची मुभा नको, रकानाच नको. ज्याला विचारायचंय तो घरी जाऊन विचारील. विहाराच्या कागदावर, बुद्धाच्या चित्राखाली तो शब्द छापला जाऊ नये.

अशोकानं जाऊन आल्यावर एका गावाचं ओझं उतरवलं. कोसंबींनी पाली आणली. बाबासाहेबांनी देहूरोडला मूर्ती आणली. आपण साधी माणसं, आपल्याला एक रकाना तरी पुसता येईल की नाही? येत्या मेळाव्याचे फॉर्म छापायला जायचे आहेत. सभागृहात समितीचे सगळे सभासद बसलेले आहेत. माता-भगिनींनो, निर्णय त्यांनी घ्यायचाय, पण विचारायचं तुम्ही.

जयभीम! नमो बुद्धाय!